दोन टिचक्या

माझा भाचा आमच्याकडे आला की बेल वाजवत नाही. दाराच्या फळीवर, वरून साधारण एक तृतीयांश अंतरावर, मधल्या बोटाच्या पेराने दोन टिचक्या मारतो आणि कान लावून उभा राहतो. मी दार उघडतो तेव्हा नाडी बघून झालेल्या वैद्यासारखा त्याचा चेहरा असतो. "मामा, दार आतून पोकळ आहे." हे तो दर वेळी सांगतो. बिल्डरने या दाराचे पैसे सागवानी म्हणून घेतले होते. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. आता मी नुसतं "चहा घेणार का?" विचारतो.

भाचा हाताने गिटारी बनवतो. इंजिनियर आहे, पण ते पुण्यात वेगळं सांगायची गरज नसते. चार वर्षं कंपनीत बसला, पाचव्या वर्षी म्हणाला, मला लूथियर व्हायचंय. ल्यूट बनवणारा तो लूथियर, शब्द फ्रेंच. ताईला वाटलं काहीतरी धर्मांतराचं प्रकरण आहे. गिटारीचं आहे हे कळल्यावर तिला हायसं वाटलं, आणि पगार बंद होणार हे कळल्यावर पुन्हा धर्मांतर बरं वाटायला लागलं.

तेव्हापासून तो काय करतो हे बाहेर कसं सांगायचं, यावर घरात एकमत नाही. ताई "म्युझिकच्या लाइनमध्ये आहे" म्हणते. भावजी "स्टार्टअप" म्हणतात, आणि हा शब्द उच्चारताना आवाज थोडा खाली घेतात. माझी आई, वय शहाऐंशी, कुणी विचारलं की सरळ सांगते, "सुतारकाम करतो. हात चांगला आहे." हे ताईला फार लागतं.

मिरजेत जन्मला असता तर ही अडचण आली नसती. तिथे शिकलगारांच्या, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांच्या घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं करायला घेतली, आणि आज 'सतारमेकर' हे तिथलं रीतसर आडनाव आहे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तूही 'गिटारमेकर' लाव, असं मी भाच्याला ताईसमोर सुचवलं. त्या दिवशी मला तिच्याकडे चहा मिळाला नाही.

त्याचा कारखाना धायरीकडे, पत्र्याच्या गाळ्यात. डावीकडे ग्रिलवाला, उजवीकडे मिरची कांडप. इकडून ग्राइंडरचा आवाज, तिकडून ठसका, आणि मधे हा अडीच मिलिमीटर जाडीची स्प्रूसची फळी दोन बोटांत लोंबती धरून, टिचकी मारून तिचा स्वर ऐकतोय. स्वर नीट ऐकू येण्याचा वार एकच, गुरुवार, कारखान्यांच्या सुट्टीचा. बाकीचे सहा दिवस तो कापतो, तासतो आणि शिंकतो.

ही पुढची फळी म्हणजे गिटारीचा जीव. नायलॉनच्या सहा तारा मिळून तिला साधारण 40 किलोने ओढत असतात. सिमेंटची गोणी 50 किलोची असते, म्हणजे गोणीपेक्षा जेमतेम दहा किलो कमी, आणि तेही जवळजवळ पापडाएवढ्या जाडीच्या लाकडावर, चोवीस तास. फळी जाड ठेवली तर गिटार टिकते पण बोलत नाही. पातळ केली तर बोलते, मग एक दिवस कडकन् आवाज होतो आणि कायमची गप्प बसते. या दोन्हींच्या मधे कुठेतरी थांबायचं असतं. कुठे, ते भाचा रंध्याचा एक हात मारून, एक टिचकी मारून, पुन्हा एक हात मारून ठरवतो. मी एकदा पूर्ण सकाळ तिथे बसलो होतो. सकाळभरात त्याने फळीचा जेवढा भाग काढला तेवढा माझ्या चष्म्यावर बसला होता.

लाकडाला दमट हवा सोसत नाही. म्हणून गाळ्याच्या आत काचेची एक खोली आहे, तिथली हवा बारा महिने 45 ते 50 टक्के आर्द्रतेवर ठेवलेली असते. ताईच्या घरी एसी नाही, लाकडाला आहे, हे तिने निदान दहा वेळा मला फोनवर सांगितलंय. पण आषाढ लागला आणि पुण्यात रुमालसुद्धा वाळेनासा झाला, तेव्हा एका दुपारी ताई 'डबा द्यायला' म्हणून गाळ्यात गेली आणि डब्याच्या पिशवीतून ओला टॉवेल काढला. तासाभरात टॉवेल खडखडीत! पुढच्या आठवड्यात भावजींच्या पँटी आल्या. श्रावणात मी गेलो तेव्हा एका बाजूला न्यू जर्सीला जाणारी गिटार लटकत होती, तिच्या शेजारी ताईचं पातळ, आणि खाली वर्तमानपत्रावर कुरडया. आर्द्रतामापक 58 दाखवत होता आणि भाचा डोकं धरून बसला होता.

त्यातून चिमट्यांचं भांडण निघालं. गिटारीची कड आणि फळी जिथे जुळते तिथे आतून खाचा पाडलेली लाकडाची बारीक पट्टी चिकटवतात, आणि ती वाळेपर्यंत दाबून धरायला जगभरचे कारागीर काय वापरतात? कपडे वाळत घालायचे चिमटे. रबरबँड गुंडाळून. एका गिटारीला पन्नास-साठ. ताईकडचे चिमटे वर्षभर कमी होत होते आणि आरोप कामवाल्या मावशींवर होता. गाळ्यात ते सगळे एकाच गिटारीच्या कडेने दात विचकून बसलेले सापडले. ताईने त्यातले मोजून दोन काढून घेतले आणि पातळाला लावले. भाचा म्हणाला, "आई, तो जोड सुटेल." ताई म्हणाली, "सुटू दे. माझं पातळ नको सुटायला."

चिकटवायला जुनं सरस लागतं. आधुनिक गोंद चालतो, पण पुढे कधी गिटार उघडून दुरुस्त करायची झाली तर सरसाचा जोड उष्णता आणि ओलाव्याने सुटतो, आणि वाळल्यावर तो काचेसारखा कडक होतो, आवाज खात नाही. सरस साठेक अंशांवर, पाण्यात ठेवलेल्या भांड्यात गरम ठेवावं लागतं. अशी अंगची सोय असलेलं एकच भांडं मराठी घरात असतं, ते म्हणजे दुधाचा कुकर. त्याने तो नेला. सरस जनावरांच्या कातड्यापासून करतात हे ताईला चातुर्मासात कळलं. नवा कुकर आला. जुन्यावर भाच्याने मार्करने 'सरस' लिहून ठेवलंय, तर ते वाचून भावजी कुणाला तरी अभिमानाने म्हणाले, "जर्मन कंपनी आहे."

मला स्वतःला त्या धंद्यातली एकच गोष्ट पहिल्या दिवसापासून नीट समजली, कारण मी बत्तीस वर्षं बँकेत काढली. गिटारीचे पडदे. फ्रेट म्हणतात ते. ते वर दूर-दूर असतात आणि खाली जवळ-जवळ येतात, याचं मला लहानपणापासून कोडं होतं. भाच्याने हिशेब दाखवला. 650 मिलिमीटरच्या तारेला 17.817 ने भागायचं, येतात 36.48, तो पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा 17.817 ने भागायचं, तो दुसरा. असं बारा वेळा केलं की तार बरोबर अर्धी होते, 325. मी म्हटलं, "अरे, ही तर चक्रवाढ!" दर पडद्याला स्वर 5.946 टक्क्यांनी चढतो आणि बाराव्या पडद्यावर दामदुप्पट. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिलेई ल्यूट वाजवायचे. त्यांनी सोळाव्या शतकात 18 ने भागा म्हणून सांगितलं होतं. सोपं आहे, पण त्याने बाराव्या पडद्यापर्यंत दोन मिलिमीटरहून जास्त तूट येते. सोळाव्या शतकात तूट लिहून टाकत असतील. आमच्या शाखेत दोन पैशांच्या तुटीसाठी आम्ही रात्री साडेनऊपर्यंत बसलोय. त्या दिवसापासून मी भाच्याच्या बाजूचा झालो.

पण टिचकीची सवय सुटेना. तशी आपल्याकडे टिचकी मारून वस्तू घेण्याची जुनी रीत आहे. माठ, कलिंगड, नारळ. माठ घ्यायला आम्ही त्यालाच पाठवतो आणि तो आणतो त्या माठातलं पाणी खरोखर गार होतं, फक्त दुकानातले सगळे माठ वाजवून होईपर्यंत उन्हाळा थोडा सरलेला असतो. प्रश्न येतो तो घरांतल्या फर्निचरचा.

मुलगी बघायला गेलो होतो. पोहे आले. मुलीचे वडील मधल्या टेबलाकडे हात करून म्हणाले, "हे काश्मीरहून आणलंय. अख्खं अक्रोड." मी भाच्याकडे पाहिलं आणि माझ्या घशाला कोरड पडली, कारण त्याचं बोट वर उचललं गेलं होतं. दोन टिचक्या. शांतता. "काका, आत दाबलेला भुसा आहे. अक्रोडाचा नुसता पापुद्रा, अर्धा मिलिमीटर." कुणी काही बोललं नाही. ताईने पोह्यांतला एक शेंगदाणा फार काळजीपूर्वक बाजूला काढला. मुलगी तेवढी खळखळून हसली. दुसऱ्या दिवशी पत्रिका जमत नसल्याचा निरोप आला. भाचा बरेच दिवस म्हणत होता, "हसली मोकळी पण."

ताईला खरी भीती आंतोनियो दे तोरेस या माणसाची आहे. आजची स्पॅनिश गिटार दिसते आणि वाजते ती या माणसामुळे. 1817 साली आल्मेरियाजवळ जन्मलेला, मूळचा सुतार. गाळ्यात त्याचं चित्र आहे आणि भाचा त्याला उदबत्ती ओवाळत नाही एवढंच. त्याचं चरित्र भाच्याने कौतुकाने आईला ऐकवलं आणि चूक झाली. कारण जगातल्या या सर्वश्रेष्ठ गिटारकाराला 1870 च्या सुमारास धंदा बंद करून आल्मेरियात चिनीमातीच्या भांड्यांचं दुकान टाकावं लागलं होतं. "म्हणजे कपबश्या?" ताईने विचारलं. "पाचेक वर्षांनी पुन्हा गिटारी करायला लागला ना पण," भाचा म्हणाला. ताईच्या कानापर्यंत ते पोचलं नाही. ती अजून कपबश्यांत होती.

याच तोरेसने 1862 साली एक गिटार केली तिची पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या आहेत. आवाज येतो तो पुढच्या फळीतून, बाकी लाकडाचं फार स्तोम माजवू नका, हे सिद्ध करायला. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. हे मी इथे सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे.

कारण गिऱ्हाईक तोरेसचं ऐकत नाही. गिऱ्हाईक आधी विचारतं, पाठ कशाची? आणि जगभर पाठ लागते ती शिसवाची. पूर्वी ब्राझीलच्या शिसवाचा मान होता, ते मिळेनासं झालं तेव्हा 1969 साली अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने आपल्याकडचं शिसव वापरायला घेतलं, आणि आपल्या आज्यांचे पलंग ज्या लाकडाचे त्याच्या गिटारी साहेब वाजवायला लागला. पुढे झाडं वाचवायला नियम आले. 2017 च्या जानेवारीपासून शिसवाचं वाद्य परदेशी विकायचं तर कागदपत्रं लागायला लागली, ती कटकट तयार वाद्यांपुरती 2019 च्या शेवटी मिटली. त्या तीन वर्षांतले फॉर्म भाच्याला मीच भरून दिले. फार आनंदात गेली ती वर्षं.

तर न्यू जर्सीतल्या एका मराठी डॉक्टरांना गिटार हवी होती, जुन्या, मुरलेल्या शिसवाची, "आणि त्यामागे काहीतरी गोष्ट असली तर उत्तम". हे वाक्य भाच्याने आमच्याकडे चहा घेताना वाचून दाखवलं. मग आम्ही तिघांनी, म्हणजे त्याने, ताईने आणि मी, एकाच वेळी झोपाळ्याकडे पाहिलं.

आमचा शिसवी झोपाळा नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे. आजोबांनी राजापूरकडून फळी आणली ती एसटीच्या टपावरून, नारायण पेठेतल्या वाड्यात. 1961 च्या 12 जुलैला पानशेत फुटलं तेव्हा वाड्यात माणसाच्या डोक्यावर पाणी चढलं, भांडीकुंडी गेली, आणि फळी मात्र तरंगत जाऊन बोळाच्या तोंडाशी खिडकीच्या गजांत अडकलेली सापडली. "एवढी जड शिसवी फळी, पण पाण्याने बुडवली नाही," हे वडील प्रत्येक पाहुण्याला सांगायचे आणि आढ्याकडे बघून हात जोडायचे. फ्लॅट घेतला तेव्हा हॉलची लांबी झोपाळ्याच्या झोक्यावरून ठरली. माझ्या लग्नाच्या बोलणीत मुलीकडच्यांना 'घरी शिसवी झोपाळा आहे' हे सांगितलेलं होतं, असं सौ.चं म्हणणं आहे. ती ते तक्रारीच्या सुरात सांगते.

आईला विचारणं माझ्यावर आलं. ती झोपाळ्यावरच बसली होती, लसूण सोलत. मी आडवळणाने सुरुवात केली, नातवाचं भविष्य, परदेशातली मागणी, आजोबांची फळी सूर होऊन... "न्यायचीय का?" आई म्हणाली. "ने. पण कापायच्या आधी नीट बघून घे म्हणावं त्याला." एवढंच. मला भरून आलं. तिने लसणाचं ताट माझ्या हातात दिलं आणि उठून उभी राहिली.

रविवारी फळी उतरवली. खालच्या मजल्यावरचे दोघे बोलावले होते, वॉचमन होता, मी होतो. चौघांनी चार कड्यांपाशी उभं राहून पितळी साखळ्या सोडल्या, मी "एक, दोन" म्हटलं, सगळ्यांनी कंबर सांभाळून जोर लावला, आणि फळी एकदम इतकी वर आली की वॉचमन मागच्या शोकेसवर जाऊन आपटला. "साहेब, हलकी हाय," तो म्हणाला. मी म्हटलं, "जुनं लाकूड वाळतं रे." भाच्याने फळीचं एक टोक हातात घेतलं, जरा तोललं, आणि पुन्हा खाली ठेवलं. त्याने टिचकी मारली नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. हा मुलगा मंगल कार्यालयातला खांबसुद्धा वाजवल्याशिवाय सोडत नाही.

गाळ्यात त्याने फळी पालथी घातली. गुरुवार होता, ग्रिलवाला बंद, कांडप बंद. खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात, त्याने रंध्याचे दोन हात मारले. शिसव रंधलं की गोडसर, गुलाबासारखा वास सुटतो, हे त्यानेच मला शिकवलं होतं, म्हणून मी नाक पुढे करून उभा. वास आला तो जुन्या पॉलिशचा. रंध्यातून पहिली साल निघाली ती काळी. दुसरी निघाली ती पिवळसर, अगदी सायीच्या रंगाची.

"शिवण आहे मामा," तो हळूच म्हणाला.

शिवण. कोकणात परसाकडेला वाढतं ते झाड. शिसवी नव्हे, शिवणी! दोन अक्षरांचा फरक, आणि त्या फरकावर आमच्या तीन पिढ्या झोके घेत होत्या. मी स्टुलावर बसलो. पाणी प्यायलो. मग मला पानशेत आठवलं. "म्हणजे ती तरंगली ते..." "सुकलेलं शिसवही तरंगतं, पण कसंबसं, अंग चोरून. ही होडीसारखी गेली असणार."

माझी समजूत घालायला तो लाकडाचं कौतुक सांगायला लागला. शिवण हलकी, पण एकदा वाळली की वेडीवाकडी होत नाही, फुगत नाही, आक्रसत नाही. वाद्यं करतात तिची. मग त्याने लँकॅस्टर विद्यापीठातल्या संशोधकांचा प्रयोग सांगितला, 2018 सालचा. सहा गिटारी, सगळं सारखं, फक्त पाठ आणि बाजू सहा वेगवेगळ्या लाकडांच्या, त्यात ब्राझीलचं शिसव आणि आपलंही. 52 वादकांना अंधारात, डोळ्यांवर वेल्डरचे गॉगल चढवून वाजवायला दिल्या. कुणालाही धड फरक सांगता आला नाही. "म्हणजे आवाजाला काही..." मी म्हटलं. "आवाजाला काही नाही मामा." "आवाजाचं कोण विचारतंय? आईला काय सांगू?"

संध्याकाळपर्यंत आमचा कट ठरला. फळी फार जुनी आहे, कापायला हात धजावत नाही, असं सांगायचं. रंधलेल्या जागेवर त्याने काळा रंग मिसळून लाख-स्पिरिटचं पॉलिश दिलं. कापसाची पुरचुंडी, वर मऊ सुती कापड, गोल गोल हात फिरवत. बँकेत लाखेची मोहोर मारण्यात माझं आयुष्य गेलं, पण ती लाख अशी आरशासारखी करता येते हे मी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. तिसऱ्या दिवशी तो डाग कुठे होता हे आम्हालाही शोधावं लागलं. डॉक्टरांना पुढे दुसरीकडचं, रीतसर पावतीचं शिसव मिळालं. गोष्ट नाही मिळाली.

फळी परत टांगली तेव्हा सगळे जमले होते. कड्या अडकवताना मी मुद्दाम कण्हलो. भाच्याने ठरलेलं वाक्य म्हटलं, ताईने मान डोलावली, समोरच्या काकू म्हणाल्या, "बघा! गिटारवाल्यानेसुद्धा हात लावला नाही. अस्सल ते अस्सल." आई काही बोलली नाही. पाहुणे गेल्यावर ती झोपाळ्यावर येऊन बसली. लसणाचं ताट मांडीवर घेतलं, डावा हात फळीखाली नेऊन त्या कोपऱ्यावरून फिरवला.

"गुळगुळीत केलंय हो पोराने," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांना चार हात द्यावे लागले होते. तरी पिवळं दिसतच होतं."